दोन तपासण्या, दोन आकडे: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचा विकास-अहवाल कसा वाचावा

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकले असेल तर लगेच लक्षात येईल. तुमची मुलगी दोन वर्षे नऊ महिन्यांची आहे. तिचा जन्म बत्तिसाव्या आठवड्यातला; सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचालींवर आलेल्या मर्यादेमुळे, दोन्ही पाय ताठ राहतात आणि उजव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. नाशिकमध्येच पंधरा दिवसांच्या अंतराने दोन ठिकाणी तिची विकास-तपासणी झाली. पहिल्या अहवालात विकासाचे वय १४ महिने आणि विकासांक ४२ आहे, दुसऱ्यात २२ महिने आणि ६७. घरी मात्र तिला सगळे समजते असे तुम्ही आणि तिची आजी दोघीही म्हणता. तेव्हा खरा आकडा कोणता, आता तिसरीकडे तपासणी करावी का, आणि घरच्या घरी करता येण्याजोगी काही चाचणी आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत; शेवटी तिच्या बोलण्याविषयीही तुम्ही विचारले आहे.

मी विशेष शिक्षिका आहे आणि शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसोबत नाशिक शहरात व आसपासच्या तालुक्यांत काम करते. मुलीला न पाहता तिच्याविषयी निदान करणे योग्य नाही, आणि ते मी करणारही नाही. पण हे दोन आकडे कसे आले असावेत आणि त्यांतून काय घ्यावे, एवढे सांगता येईल. माझ्या मते दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मला खटकते ते हे, की दोन तपासण्या होऊनही उद्यापासून तिला घरी काय शिकवायचे, हे तुम्हाला कोणीही सांगितलेले नाही.

आधी आकड्यांचे बघू. विकासांक म्हणजे विकासाच्या वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणणे. मुलगी ३३ महिन्यांची आहे, म्हणून १४ महिन्यांचे ४२ होतात आणि २२ महिन्यांचे ६७. गणित दोन्हीकडे ठीक आहे. मोजलेली गोष्ट मात्र वेगवेगळी आहे. पहिल्या ठिकाणी वापरलेली ‘डासी’ ही चाचणी बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी प्रमाणित केली आहे आणि ती जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या विकासाची आहे. तिच्यात ६७ बाबी कारक विकासाच्या, म्हणजे मान धरणे, बसणे, उभे राहणे, चालणे अशा, आणि १६३ बाबी मानसिक विकासाच्या असतात. मूल समोर बसवून, वस्तू हातात देऊन, ते काय करते हे प्रत्यक्ष पाहायचे असते. दुसऱ्या ठिकाणी वापरलेली व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापिका ही मुलाखत आहे. एडगर डॉल यांच्या मूळ मापिकेचे भारतीय रूपांतर डॉ. मालिन यांनी नागपुरात केले. खाणे, कपडे, हिंडणे-फिरणे, संवाद, लोकांत मिसळणे अशा ८९ बाबींविषयी पालकांना विचारून ती भरतात. तुम्हीच लिहिले आहे की त्या वेळी मुलगी आजीच्या मांडीवर झोपली होती. म्हणजे एकीकडे परक्या खोलीत, परक्या माणसासमोर तिने काय करून दाखवले हे मोजले गेले, आणि दुसरीकडे ती घरी काय करते असे आजीला वाटते, ते. या दोन गोष्टींत आठ महिन्यांचे अंतर पडले, यात मला नवल वाटत नाही.

मुलाखतीत उत्तर देणाऱ्यावर बरेच अवलंबून असते. ‘स्वतः खाते का?’ असे विचारल्यावर एखादी आजी ‘हो, अगदी स्वतः खाते’ असे सांगते. मग मी विचारते, घास कोण करतं, चमचा कोण धरतं, तोंडापर्यंत कोण नेतं? तेव्हा कळते की नात तोंड उघडते आणि चावून गिळते, बाकीचे सगळे आजी करते. आजी खोटे बोलत नसते. तिच्या दृष्टीने तोंड फिरवून न घेता खाणे हेच स्वतः खाणे असते. प्रश्न खोलात जाऊन विचारला नाही तर तिथे दोन-तीन महिने सहज वाढतात.

आता पहिल्या अहवालाचे दुसरे पान काढा. त्यावर कारक वय १० महिने आणि मानसिक वय १८ महिने असे वेगळे लिहिले आहे, असे तुम्ही कळवले आहे. म्हणजे कारक अंक ३०, मानसिक अंक ५५, आणि दोघांची सरासरी ४२. जिचे पायच ताठ आहेत तिचा कारक अंक कमी येणार, हे तपासणीआधीच ठाऊक होते. तो मानसिक अंकात मिसळून केलेली सरासरी तिच्या कुठल्याच क्षमतेविषयी काही सांगत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत मी ही सरासरी पाहतच नाही, दोन भाग वेगवेगळे वाचते. तुम्हीही तसेच वाचा.

अर्थात १८ महिने हा मानसिक भागाचा आकडाही निर्भेळ नाही. त्या भागातल्या बऱ्याच बाबी हातानेच करून दाखवाव्या लागतात: कपातला ठोकळा काढणे, ठोकळ्यावर ठोकळा रचणे, भोकांत खुंट्या बसवणे. ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला की अशी मुले काय करतात ते जरा जवळून पाहण्यासारखे असते. मुलगी आधी माझ्या मनोऱ्याकडे बघते, ठोकळा उचलते, बरोबर वरच्या ठोकळ्याच्या डोक्यावर आणते आणि तिथे अडते, कारण बोटे वेळेवर उघडत नाहीत. हात मागे घेताना ठोकळाही सोबत येतो आणि मनोरा कोसळतो. मग ती आईकडे बघते. नियमाप्रमाणे ही बाब ‘जमली नाही’ अशीच लिहावी लागते. पण तिने नमुना पाहिला, काय करायचे ते ओळखले, जागा बरोबर निवडली, आणि फसल्याचे तिला कळले. बुद्धीचे म्हणावे असे सगळे तिने केले. बोटांनी साथ दिली नाही.

म्हणून मी दोन नोंदी ठेवते. पहिली नियमाप्रमाणे, काही न बदलता, कारण प्रमाणित चाचणीतून येणारा आकडा त्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही. ती झाल्यावर त्याच बाबी बदल करून पुन्हा घेते: मोठे ठोकळे, खाली घसरू नये म्हणून रबरी चटई, ठोकळ्यांना चिकटपट्टी, किंवा ‘तू नजरेने दाखव, मी ठेवते’. हा दुसरा निकाल आकड्यात मिळवायचा नसतो, शेजारी शब्दांत लिहायचा असतो. तुमच्या अहवालात असा शेरा कुठेही नसेल, तर ज्यांनी तपासणी केली त्यांना तसे विचारायला हरकत नाही. मुलीने काय प्रयत्न केला आणि कुठे अडली, हे चांगल्या तपासनिसाने लिहून ठेवलेले असते. अहवालात टंकले नसले तरी मूळ कागदावर सापडते.

बसण्याच्या स्थितीला मी फार महत्त्व देते, आणि घाईच्या तपासणीत सर्वांत आधी तिच्याकडेच दुर्लक्ष होते. तुमची मुलगी हात टेकवून बसते, म्हणजे तिचा चांगला असलेला डावा हात तोल सांभाळण्यात गुंतलेला आहे. अशा मुलीला सतरंजीवर बसवून तिच्यापुढे ठोकळे ठेवले, तर तिला पडणे किंवा खेळणे यांतून एक निवडावे लागते आणि ती शहाणपणाने न पडणे निवडते. तिला पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवा, पाऊल पूर्ण टेकेल असा पाट खाली द्या, कमरेला पट्टा लावा, आणि टेबल तिच्या कोपराच्या उंचीला येईल असे पाहा. एवढे केल्यावर तीच मुलगी वेगळी वाटते, असा माझा वारंवारचा अनुभव आहे. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट सोबत असेल तर उत्तम. नसेल तर आईच्या मांडीवर, आईच्या पोटाला पाठ टेकवून बसवले तरी पुष्कळ फरक पडतो.

यानंतर डोळे आणि कान. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांमध्ये दृष्टिपटलाचे दोष, तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर यांची शक्यता अधिक असते, हे तुम्हाला सांगितलेले असेलच. त्यापेक्षा कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की मुदतीपूर्वी जन्मलेल्या आणि पाय ताठ असलेल्या काही मुलांचे डोळे निरोगी असूनही मेंदूतल्या इजेमुळे त्यांना नजरेच्या खालच्या भागातले नीट दिसत नाही. टेबलावर सपाट ठेवलेले चित्र अशा मुलाच्या दृष्टीने जवळजवळ नसतेच. तेच डोळ्यांसमोर उभे धरले की ते बोट ठेवते. तुमच्या मुलीला असे आहे असे मी म्हणत नाही. ताटातल्या तिच्या बाजूच्या कडेचे खाणे नेहमी शिल्लक राहते का, जमिनीवरच्या वस्तूला ती अडखळते का, एवढे पाहा आणि नेत्रतज्ज्ञांना सांगा. कानांच्या तपासणीविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. जन्मानंतर एकदा ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी तपासणी) झाली असली तरी बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी, झाली नसेल तर ती करून घ्या, विशेषतः बाळ अतिदक्षता विभागात राहिले असेल किंवा कावीळ जास्त वाढलेली असेल तर. आवाजाला दचकते म्हणजे बोललेले सगळे स्पष्ट ऐकू येते असे नसते. या दोन तपासण्या होईपर्यंत भाषेचा कोणताही अंक मी कच्चाच धरते. फिट येत असतील आणि औषध चालू असेल तर तेही तपासनिसाला सांगायला हवे; काही औषधांनी मूल दिवसभर पेंगते.

अपुऱ्या दिवसांचा हिशेबही येथे उरकून टाकते. आठ आठवडे आधी जन्म, म्हणून पहिली दोन वर्षे तिचे वय साधारण दोन महिने कमी धरून मोजायला हवे होते. दोन वर्षांनंतर बहुधा ही वजावट करत नाहीत. केली तरी ४२ चे ४५ होतील, एवढ्याने निर्णय बदलत नाही.

आता तुमच्या ‘तिला सगळे समजते’ या वाक्याकडे येते. हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येते आणि त्यात बरेच तथ्यही असते, पण ते तपासून घ्यावे लागते. तुमचे यजमान कंपनीतून सुटून घरी येतात तेव्हा ‘बाबा आले’ म्हटल्यावर ती दाराकडे बघते, असे तुम्ही लिहिले आहे. त्या वेळी गाडीचा आवाज येतो, तुम्ही स्वतः दाराकडे बघता, वेळही रोजचीच असते. तिने शब्द ओळखला की प्रसंग ओळखला, हे यावरून सांगता येत नाही. प्रसंग ओळखणे हीसुद्धा मोठी समज आहे, ती कमी लेखू नका. पण शिकवण्याची सुरुवात कुठून करायची हे ठरवायला दोन्ही वेगळे कळणे आवश्यक असते.

त्यासाठी घरी करता येईल अशी सोपी रीत सांगते. तिला नीट बसवून समोर रोजच्या वापरातल्या चार वस्तू ठेवा: चमचा, वाटी, चेंडू, मोजा. तुम्ही वस्तूंकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून, एकदाच ‘चमचा कुठाय?’ असे विचारा आणि दहापर्यंत मनात मोजा. हाताने, नजरेने, मान वळवून, कसेही उत्तर दिले तरी चालेल. घाई करू नका, अशा मुलांना हालचाल जुळवायला वेळ लागतो. वस्तूंच्या जागा बदलून निरनिराळ्या वेळी पुन्हा विचारा. दोनच वस्तू ठेवल्या तर निम्मी उत्तरे नशिबानेही बरोबर येतात, म्हणून चार. तुमच्या घरात बॉल म्हणत असाल तर बॉलच म्हणा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून कोकणा बोलणारी मुले येतात, मालेगावहून उर्दू किंवा अहिराणी बोलणारी. त्यांना शहरी मराठीत प्रश्न विचारून ‘समजत नाही’ असे लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. प्रश्न मुलाच्या घरच्या बोलीत आईने विचारावा आणि तपासनिसाने बघावे, हे जास्त खात्रीचे.

घरची चाचणी म्हणून एवढीच एक. बाकी घरी चाचणी घेण्याऐवजी नोंद ठेवा. जेवण, अंघोळ-कपडे आणि खेळ हे तीन प्रसंग निवडा. प्रत्येकात ती काय करते ते क्रियापदात लिहा आणि पुढे किती मदत लागली ते लिहा: स्वतः, सांगून, दाखवून, की हात धरून. ‘कपडे घालायला सहकार्य करते’ असे लिहिण्यापेक्षा ‘फ्रॉक डोक्यातून घातल्यावर डावा हात स्वतः बाहीत घालते, उजवा हात धरून घालावा लागतो’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ती मुलगी समोर दिसते. मोबाइलवर छोटे चित्रण करून ठेवा, पण ‘करून दाखव, करून दाखव’ असा आग्रह न धरता; फोन कपाटावर टेकवून ठेवा आणि विसरून जा. झाकणाच्या पारदर्शक डब्यात बिस्कीट ठेवून डबा तिच्याजवळ द्या आणि गप्प राहा. एका मुलीने असा डबा दोन्ही गुडघ्यांत दाबून धरून डाव्या हाताने झाकण फिरवायचा प्रयत्न केला आणि न उघडल्यावर डबा आजीच्या मांडीवर नेऊन ठेवला. अडचण ओळखणे, साधन शोधणे, मदत मागणे, तिन्ही गोष्टी एका मिनिटात दिसल्या; तिच्या कारक वयाच्या रकान्यात यांतले काहीच आले नसते.

अशी दोन आठवड्यांची नोंद हाती आली की मी त्यातल्या अर्धवट जमणाऱ्या गोष्टी शोधते. जे ती स्वतः करते ते शिकवायचे नसते, आणि जे हात धरूनही होत नाही ते आज शिकवायचे नसते. ‘दाखवून’ आणि ‘सांगून’ जमते त्यात पुढचा पाठ असतो. येथे ‘पोर्टेज’ या घरी शिकवण्याच्या कार्यक्रमाची कौशल्यांची यादी किंवा सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली कार्यात्मक तपासणी-सूची फार उपयोगी पडते. वयाचा अंक काढण्यापेक्षा पुढची पायरी ठरवण्यासाठी त्या बनवल्या आहेत आणि विशेष शिक्षक त्या रोज वापरतात. तुमच्या मुलीसाठी, तुम्ही लिहिले आहे त्यावरून, मी कदाचित तीनच उद्दिष्टे घेईन: जाड मुठीचा चमचा डाव्या हाताने तोंडापर्यंत नेणे, दोन वस्तूंतून हवी ती नजरेने किंवा हाताने निवडणे, आणि आधाराच्या खुर्चीत पूर्ण जेवण होईपर्यंत बसणे. ‘चालायला कधी लागेल’ हा प्रश्न तुमच्या मनात आहे हे मला कळते. निरोगी मुलेसुद्धा स्वतंत्र चालायला आठ-नऊ महिन्यांपासून सतरा-अठरा महिन्यांपर्यंत कधीही लागतात. तुमच्या मुलीबाबत तो अंदाज तिच्या हालचालींची वर्गवारी पाहून फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर सांगतील. विकासांकातून त्याचे उत्तर मिळणार नाही.

आतापर्यंतचे सांगायचे तर: सरासरी सोडा, दोन भाग वेगळे वाचा, डोळे-कान तपासा, बसवण्याची सोय करा, आणि मग घरची नोंद घेऊन शिक्षिकेला भेटा. हे करूनही मानसिक भागात ती वयाच्या बरीच मागे आहे असे दिसू शकते. मी खोटा धीर देणार नाही. पण तेव्हा तो निष्कर्ष तिच्या हाताचा किंवा खुर्चीचा नसेल, तिच्या समजेचा असेल, आणि त्यावर काम करता येईल.

प्रमाणपत्राचा विषय वेगळा ठेवा. तेथे आकडा लागतोच, आणि प्रमाणित चाचणीचाच लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती लागू होतात. ही टक्केवारी म्हणजे विकासांक नव्हे, तुमच्या दोन्ही अहवालांतले ४२ आणि ६७ तेथे थेट वापरत नाहीत. सेरेब्रल पाल्सीचे मूल्यमापन हालचालींच्या अंगाने होते. पाच वर्षांपर्यंत ‘बौद्धिक अक्षमता’ असे न लिहिता सर्वांगीण विकास-विलंब असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून कोणी इतक्या लहान वयात ‘मतिमंद’ असा शिक्का मारला तर तो मनावर घेऊ नका. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्याच्याकडूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. मुलीचे नाव अंगणवाडीत घातले नसेल तर घाला.

तिसरी तपासणी आत्ता करू नका. चाचणीच्या वस्तू तिला ओळखीच्या झाल्या आहेत आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही. साधारण सहा महिन्यांनी, बेरा आणि डोळ्यांचा अहवाल हातात असताना, शक्यतो त्याच तपासनिसाकडे, तीच चाचणी करून घ्या, म्हणजे निदान तिची स्वतःशी तुलना होईल. वेळ सकाळची मागा, तिची झोप आणि खाणे झाल्यानंतरची. घरचा चमचा, तिची खुर्ची नेता येत असेल तर खुर्ची, आणि चष्मा लागला तर चष्मा सोबत न्या. तपासनिसाला आधीच विचारा की बदल करून घेतलेल्या बाबी वेगळ्या लिहून द्याल का आणि शेवटी तीन उद्दिष्टे सांगाल का. ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणीकृत आहेत का, हेही विचारायला संकोच नको. बेराचा अहवाल आला की त्यातल्या दोन्ही कानांच्या ऐकण्याच्या पातळ्या कळवा. बोलण्याविषयी तुम्ही शेवटी जे विचारले आहे, त्याचे उत्तर त्यानंतरच देता येईल.